माशालाही वापसा लागतो

(नागपूर जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस-ज्वारीच्या मेळाव्यात माशाची गोष्ट कशाला, असे तुमच्यातल्या पुष्कळांच्या मनात आले असेल. मासे धरणे हे ढिवर-भोयांचे काम, आपला त्याच्याशी संबंध काय? संबंध दोन आहेत. पहिला असा की, २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि कोरडवाहू कास्तकाराच्या वावरातही पाणी उभे राहू लागले. पाणी दिसले की कुणीतरी सांगतोच, ‘मासे सोडा, जोडधंदा होईल.’ दुसरा संबंध त्याहून जवळचा आहे. आपल्या पऱ्हाटीच्या तासातून वाहणारे पाणी नाल्यात जाते, नाल्यातून तलावात जाते, तलावातून नदीत जाते. माशाचे घर आपल्या बांधाखाली आहे.

सरकारच्या कागदावर मत्स्यव्यवसायाचा हिशेब कसा असतो? अमुक तलावात इतके लाख मत्स्यबीज सोडले, तमुक तलावात तितके लाख. बीज सोडले, म्हणजे मासे झाले! आता मला सांगा, बॅगा मोजून कुणाच्या घरी कापूस आला आहे का? बियाणे हे पीक नव्हे, हे शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यालाही कळते. बियाणे पडल्यावर ओल पाहिजे, ऊब पाहिजे, वेळेवर उघडीप पाहिजे. जमिनीला वापसा आला नसेल तर सोन्यासारखे बियाणेसुद्धा कुजते. मला आज एवढेच सांगायचे आहे की माशालाही वापसा लागतो. वाढीचा वापसा वेगळा, अंडी घालण्याचा वेगळा. हे दोन्ही वापसे आता बिघडत चालले आहेत. त्यातले काही आभाळाने बिघडवले, काही शहराने आणि काही आपण स्वतः.

आधी वाढीचे पाहू. गायीचे, माणसाचे अंग थंडीतही गरम राहते, उन्हाळ्यातही तेवढेच राहते. माशाचे तसे नाही. पाणी जेवढे गरम, तेवढेच त्याचे अंग गरम. पाणी गार झाले की त्याची भूक मंदावते, खाल्लेले पचत नाही, वाढ थांबते. रोहू, कटला, मृगळ या आपल्या माशांना साधारण २५ ते ३२ अंशांचे पाणी मानवते. आता नागपूरचे हवामान समोर ठेवा. पौषात रात्रीचा पारा १० अंशांवर येतो. उथळ तळ्याचे पाणी अशा वेळी २० अंशांच्या खाली उतरते आणि मासा नुसता तग धरून बसतो. फाल्गुन-चैत्रात पाणी पुन्हा तापते, भूक वाढते. पण तोवर शेततळ्यात पाणीच किती उरलेले असते? मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि उरलेले गुडघाभर पाणी कढत होते.

कढत पाण्यात आणखी एक कोंडी होते. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेऊन जगतो. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात, ३५ अंशांच्या पाण्यात त्याहून कमी. म्हणजे पाणी तापले की माशाची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. पिकाला पाणी हवे तेव्हाच विहीर आटावी, तसा हा प्रकार आहे. मग खाल्लेले सगळे श्वास घेण्यातच खर्च होते, अंगी लागत नाही. पहाटे तळ्यातले मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ते खेळत नसतात. रात्रभरात पाण्यातला प्राणवायू संपत आलेला असतो. सलग ढगाळ दिवस असताना तळ्यात शेण जास्त टाकले तर हे हमखास घडते.

गर्दीचाही परिणाम होतो. रान तेच आणि झाडे दुप्पट लावली तर पऱ्हाटी उंच सडपातळ होते, बोंडे धरत नाहीत. मासेही दाटीत ठेवले तर खुजे राहतात. मात्र एक फरक आहे आणि तो आपल्या कामाचा आहे. खुजे राहिलेले ज्वारीचे ताट पुढे कितीही पाणी दिले तरी भरून निघत नाही. मासा भरून निघतो. आंध्र प्रदेशातले मत्स्यशेतकरी बोटुकली मुद्दाम दाटीत, कमी खाद्यावर, जवळपास वर्षभर ठेवतात. ती शंभर-दीडशे ग्रॅमवरच थांबते. नंतर ती मोकळ्या पाण्यात सोडली आणि पोटभर खाद्य दिले, की मागची कसर भरून काढत झपाट्याने वाढते. ज्याच्या शेततळ्यात पाणी जेमतेम सात महिने टिकते, त्याने बोटाएवढे पिल्लू सोडून फेब्रुवारीत किलोचा मासा मागू नये. त्याने अशी वर्षभर रोखलेली मोठी बोटुकली मागावी. आपल्याकडे वाढीचे खरे महिने भाद्रपद ते कार्तिक एवढेच आहेत.

माशाच्या खवल्यावर त्याच्या आयुष्याची नोंद असते, हे कुणाला माहीत आहे का? भिंगाखाली खवले धरले तर त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे दिसतात. चांगल्या दिवसांत वर्तुळे दूर दूर पडतात, हलाखीच्या दिवसांत दाट होतात. माशाचा सातबारा त्याच्या अंगावरच असतो आणि त्यात तलाठ्यालाही फेरफार करता येत नाही.

आता प्रजननाकडे येतो. मृग लागला, पहिला पूर आला की नाल्याला चढणीचे मासे येतात, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. पोटात अंडी घेऊन मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. वर का चढतात? नव्या पाण्याखाली नुकतीच बुडालेली गवताळ, उथळ जागा त्यांना हवी असते. तिथे पाणी ताजे असते, प्राणवायू भरपूर असतो, पिल्लांना खायला बारीक जीव असतात आणि मोठे शिकारी मासे कमी असतात. रोहू-कटल्याच्या मादीच्या पोटात एका किलो वजनामागे दोन-तीन लाख अंडी असतात. दिवस मोठा होऊ लागतो, पाणी तापू लागते तशी फाल्गुनापासून ती भरू लागतात आणि ज्येष्ठापर्यंत तयार होतात. पण तयार झाली म्हणून मादी ती घालत नाही. ती खुणेची वाट पाहते. पाण्याचा ताव जरा उतरला पाहिजे, प्रवाह वाढला पाहिजे, गढूळ नवे पाणी अंगावरून गेले पाहिजे. ही खूण मिळाली की काही तासांत अंडी बाहेर पडतात आणि पंधरा-अठरा तासांत फुटून पिल्ले निघतात.

खूण मिळालीच नाही तर? तर मादी ती अंडी आतल्या आत जिरवून टाकते. पाण्याचा ताण पडला की पऱ्हाटी पाती-बोंडे गाळते, त्यातलाच हा प्रकार. झाड जगते, पण वर्ष जाते. एक मोठा फरक मात्र आहे. आपण मोडून दुबार पेरणी करतो, कर्ज काढून का होईना करतो. रोहू-कटल्याला निसर्गात वर्षाला एकच हंगाम. माशाला दुबार पेरणी नाही.

म्हणूनच बंद तलावात रोहू-कटला वाढतात, पण अंडी घालत नाहीत. पूर्वी त्यांचे बीज नदीच्या पुरातूनच धरून आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातल्या अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून देशी कार्प माशांना बंद पाण्यात अंडी घालायला लावले. देशात १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्यामुळेच. पुराने जी बातमी माशाला द्यायची, ती सुईने दिली. फार मोठे काम झाले, यात शंका नाही. आज तुम्हाला मिळणारे जिरे आणि बोटुकली त्याच वाटेने येते. पण सुईने एक रोहू-कटला सुटला. तलावातली मरळ, शिंगी, मागूर आणि नाल्यातली कितीतरी लहान मासळी अजून पावसाच्याच भरवशावर आहे. गरिबाच्या ताटात येते ती हीच मासळी.

आणि पावसाचे काय झाले आहे? हे तुम्हाला मी सांगायला नको. मृग कोरडा, आर्द्रा कोरडी, मग एका रात्रीत सगळे शिवार पाण्याखाली आणि पुढे तीन आठवडे खंड. हा नुसता आपला समज नाही. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे हवामानशास्त्रज्ञांनी २०१७ साली नोंदवून ठेवले आहे. पहिल्या पुरात मासा वर चढला, गवतात अंडी घातली आणि खंड पडून पाणी उतरले, तर अंडी जागेवरच वाळतात. उगवलेले अंकुर वाळतात तसेच हे आहे.

उन्हाळ्याच्या वाढत्या तावाचाही परिणाम दिसतो. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने बंगालमधल्या बीजकेंद्रांत पाहिले की, पूर्वी पावसाच्या तोंडावर तयार होणारे मासे आता मार्चमध्येच अंडी घालायला तयार होतात. काही जण म्हणतील, बरे झाले की, हंगाम लांबला! ज्याच्याकडे बोअर आहे आणि हौदात पाणी आहे, त्याचे बरे झाले. उघड्या तलावातल्या माशाला त्याचा काय उपयोग? अंडी मार्चमध्ये तयार आणि पूर येणार जुलैमध्ये. ज्वारी भादव्यात निसवली आणि पाऊस आश्विनात आला, तर कणीस भरते का?

हे झाले आभाळाचे. आता शहराचे ऐका. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून पुढे कन्हानला आणि वैनगंगेला जाते आणि गोसीखुर्दच्या जलाशयात साठते. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ साली झाली ती शेतीच्या पाण्यासाठी. घाण पाण्यातली कुजणारी घाण आधी प्राणवायू खाते, तो माशाच्या वाट्याला येत नाही. पण शहराच्या सांडपाण्यात न दिसणाऱ्या गोष्टीही असतात. माणसे जी औषधे खातात, ती मूत्रावाटे पाण्यात येतात. इंग्लंडमध्ये १९९०च्या दशकात सांडपाण्याच्या नळांखाली राहणाऱ्या नर माशांच्या अंगात अंडी सापडली. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे एका लहान सरोवरात गर्भनिरोधक गोळीतला संप्रेरक मुद्दाम सोडून पाहिला. किती? ग्रॅमचे अब्ज भाग केले तर त्यातले पाच-सहा भाग एका लिटरला. तेवढ्याने तिथल्या एका लहान माशाचे नर मादीसारखे झाले आणि त्या जातीची सरोवरातली संख्या जवळजवळ संपली. मासे मेले नाहीत, पाणी काळे झाले नाही, वास आला नाही. फक्त पुढची पिढी आली नाही. औषध बंद केल्यावर काही वर्षांनी मासे परत आले, हीही तितकीच महत्त्वाची गोष्ट.

जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला. राखेचे पाणी कोलार नदीत आणि तिथून कन्हानकडे गेले. महिना कोणता, ते लक्षात घ्या. जुलै, म्हणजे अंडी-पिल्लांचा महिना. बारीक राख अंड्यावर बसली की अंड्याचा श्वास कोंडतो, पिल्लाच्या कल्ल्यात गेली की पिल्लू गुदमरते. नुकसानीचा पंचनामा मेलेले मासे मोजून होतो. न जन्मलेल्या माशांचा पंचनामा कोण करणार?

आता जरा आपल्या स्वतःकडे पाहू. दुसऱ्याचा दोष सांगताना टाळ्या पडतात, तेव्हा हेही ऐकून घ्या. कापसावर आपण जी औषधे मारतो, त्यांतली कित्येक बोंडअळीपेक्षा माशाला जास्त विषारी आहेत. एंडोसल्फान वर्षानुवर्षे वापरले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ते मे २०११ मध्ये बंद केले. सायपरमेथ्रिन आजही दुकानात आहे. अशा औषधाचा ग्रॅमचा लाखावा भाग एक लिटर पाण्यात असेल तरी पुष्कळ जातींचे मासे मरतात. दहा लाख लिटरच्या तळ्याचा हिशेब करा. दहा ग्रॅम मूळ औषध झाले. आपण एका एकरावर फवारतो त्याहून ते कमी आहे. यातले काही औषध गाळाला चिकटून निकामी होते, हे खरे. पण पंप नाल्यात धुतला, डबा तळ्याच्या काठी फेकला, फवारणीनंतर दोन तासांत पाऊस कोसळला, की पाण्यात जाते ते चिकटायला थांबत नाही. मासा मरण्याइतके औषध नसले तरी अंडी कमी होतात, पिल्ले अशक्त निघतात.

यात शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ज्या विषाने मासा मरतो, त्याच विषाने फवारणारा मरतो. त्यांची बाजू एकच आहे.

आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत यावर काही काम झालेले आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडे मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले असे तलाव हजारोंनी आहेत. १९५०-५१ नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांची निगा कुणाचीच राहिली नाही. बेशरमने काठ भरले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांच्याबरोबरच्या ढिवर बाया-माणसांनी काही तलावांत वेगळीच मशागत केली. त्यांनी बेशरम उपटली, काठाची उथळ जमीन नांगरली आणि तिथे देवधानासारख्या देशी पाणवनस्पती लावल्या. कोणत्या गवतात कोणता मासा अंडी घालतो, हे ढिवरांना ठाऊक होते. मरळ गवतात घरटे करते आणि पिल्लांची राखण करते. मागूर उथळ पाण्यातल्या बिळात अंडी घालतो. गवत आले, त्यामागे मासे आले. नुसती बीजाची पिशवी ओतून जे झाले नव्हते, ते वापसा आणल्यावर झाले.

आता करायचे काय, ते थोडक्यात सांगतो.

एक. मृगाच्या पहिल्या दोन पुरांत चढणीचे मासे धरू नका. पोटात अंडी असलेली एक मादी धरणे म्हणजे बियाण्याची ज्वारी दळून खाणे आहे. ग्रामसभेत ठराव करा आणि ढिवर बांधवांना विचारून करा. त्यांच्या पोटाचा प्रश्न सोडवल्याशिवाय असा ठराव टिकत नाही.

दोन. पंप, डबे, हात नाल्यात किंवा तळ्यावर धुऊ नका. आभाळ भरलेले असताना फवारू नका. त्यात औषधही वाया जाते आणि पैसाही. नाल्याच्या काठाला सात-आठ हात गवताची पट्टी सोडा. माती थांबते, औषध थांबते आणि बैलाला चारा होतो.

तीन. शेततळ्यात मासे करायचे तर पाण्याचा हिशेब आधी करा आणि बोटुकली नंतर आणा. पाणी सात महिने टिकत असेल तर मोठी, रोखलेली बोटुकली पहिल्या भरलेल्या पाण्यात सोडा, दाटी करू नका, पाणी कंबरेखाली जाण्याआधी विकून मोकळे व्हा. तळ्यात प्लास्टिक अंथरलेले असेल तर मातीतून येणारे खाद्य मिळत नाही. वरून खाद्य देण्याचा खर्च आधी धरा. तो परवडत नसेल तर सोडू नका.

चार. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांचा गाळ निघतो. तो आपल्या शेताला हवाच आहे. पण यंत्र लावून सगळे काठ उभे कापू देऊ नका. उताराची उथळ बाजू आणि तिच्यावरचे गवत राखा, मधला डोह खोल करा. गाळ आपल्याला मिळतो, उन्हाळ्यात जुनी मासळी डोहात तगते आणि पावसाळ्यात तिला काठावर अंडी घालायला जागा राहते. रब्बीला पाणी सोडताना तो डोह कोरडा करू नका.

पाच. नागपुरात पाण्याची संस्था आहे, नीरी. कापसाची आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था. आणि पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठही इथेच आहे. पाणी एकाचे, कापूस दुसऱ्याचा, मासा तिसऱ्याचा. नाल्यात मात्र तिन्ही एकत्रच असतात. तेव्हा तिघांनी मिळून आपल्या एखाद्या नाल्याचे पाणी मृगापासून दिवाळीपर्यंत तपासावे आणि निकाल मराठीत गावाच्या फळ्यावर लावावा, अशी मागणी प्रत्येक तालुक्याने लेखी करावी.

उद्या कुणी अधिकारी गावात येऊन सांगेल की तुमच्या तलावात इतके लाख बीज सोडले. त्याला चहा द्या आणि विचारा, साहेब, पाण्याला वापसा होता का? प्राणवायू किती होता, काठाला गवत होते का, आणि मागच्या वर्षी सोडलेल्यातले जाळ्यात किती आले? उत्तर वहीत लिहून ठेवा. पुढच्या मेळाव्याला येताना ती वही घेऊन या.